वेड पांघरून पेडगावला

आमचे गाव पेडगाव म्हटले की ऐकणारा आधी हसतो, मग नमस्कार करतो. वेड पांघरून ज्या पेडगावला जातात ते श्रीगोंदा तालुक्यातले, भीमेकाठचे. आमचे परभणी जिल्ह्यातले. पण म्हणीला जिल्हा कुठला कळायला!

परवापर्यंत माझी समजूत होती की, वेड पांघरण्यात आमच्या संगणकाचा हात कोणी धरणार नाही. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यातल्या साध्या वहीत टाइप करत होतो. एक ओवी झाली की जतन. जतन करू लागलो की इंग्रजी पाटी हजर! पाटी भलीमोठी, खाली ‘ओके’. आपण अर्जावर न वाचता सही ठोकतो, तसे मी ते दाबत होतो. एका रात्रीत तेवीस वेळा.

सकाळी वही उघडतो तो ओव्या गायब, ओळीच ओळी प्रश्नचिन्हे! आईने डोकावून पाहिले.

“म्या सांगितलेलं येक बी कळंना का रे ह्याला? किती इचारायलंय!”

परभणीहून भाचा आला. त्याने पाटी वाचून दाखवली : या मजकुरातली युनिकोड अक्षरे अशीच ठेवली तर नष्ट होतील.

“मामा, त्यानं तर बजावलं होतं!”

जुन्या पद्धतीत घरे २५६, देवनागरीला एकही नाही. १९९१च्या युनिकोडने तिला १२८ घरांची स्वतंत्र आळी दिली. जुन्या वाड्यात कोंबले की प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक मात्रेच्या जागी एक प्रश्नचिन्ह. एकट्या ‘पेडगाव’ची सहा! इलाज सोपा : ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये खाली ‘एन्कोडिंग’पुढे ‘यूटीएफ-८’ निवडायचे.

“आणि गेलेल्या ओव्या?”

“सगळी प्रश्नचिन्हं सारखीच, मामा. कुठलं कुणाचं, कसं सांगणार?”

आईला पुन्हा विचारले. दोन आठवल्या, तिसरी अडली. “रिकाम्या हातानं न्हाई येत रे,” ती म्हणाली. मग भाच्याने अंगणात पडलेले जाते धुऊन आत आणले. आईने खुंटा धरला, आणि ओव्या पिठासारख्या पडू लागल्या. एकवीस आल्या. दोन काही केल्या आल्या नाहीत.

या वेळी यूटीएफ-८ निवडले. पाटी आली नाही.

बिचारा संगणक शहाण्यासारखे सांगत होता. वेड पांघरून पेडगावला गेलो होतो मीच, तेही घरबसल्या.