आर्डनांच्या मागावर

इंग्लंडात जुन्या घराण्याचा माग काढायचा तर नुसती माणसे शोधून भागत नाही. जमीन शोधावी लागते. कोण कधी जन्मला, कोण कशाने रडला, याची दाद मध्ययुगात कोणी घेतली नाही. जमीन विकली गेली, सारा थकला, कज्जा उभा राहिला किंवा मालक मेला, की मात्र कारकुनाची लेखणी तत्काळ चालू लागे! हे ध्यानात ठेवूनच मी वॉरिकशर परगण्यातल्या आर्डन घराण्याच्या मागे निघालो. शेक्सपिअरची आई मेरी ही आर्डनांची लेक. तिचे माहेर खरोखर केवढे मोठे होते, हे मला पाहायचे होते.

सुरुवात तर मोठी भारदस्त आहे. १०६६ साली नॉर्मन विल्यमने इंग्लंड जिंकले आणि इंग्रजांच्या जमिनी काढून आपल्या सरदारांना वाटल्या. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, साऱ्या जमिनीची मोजदाद झाली. तीच डूम्सडे बुक. त्यातल्या वॉरिकशरच्या पानांवर थॉर्किल नावाचा एक इंग्रज भल्यामोठ्या वतनासह ठाण मांडून बसलेला दिसतो. असा इंग्रज त्या काळी साऱ्या देशात विरळाच. पुढे त्याची पुष्कळशी जमीन वॉरिकच्या नव्या अर्लकडे गेली आणि थॉर्किलचे वंशज त्या अर्लचे मांडलिक झाले. तिथल्या आर्डन अरण्याचे नाव त्यांना आडनाव म्हणून चिकटले.

यांची थोरली पाती बर्मिंगहॅमजवळ पार्क हॉलला नांदली. पण कागदांत ती ठळक दिसते ती संकटाच्या वेळी. १४५२ साली यॉर्कच्या ड्यूकची बाजू घेतल्याबद्दल रॉबर्ट आर्डनला देहदंड झाला. १५८३ साली राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटात गोवून एडवर्ड आर्डनलाही मारले. १६४३ मध्ये ही पाती निपुत्रिक होऊन संपली.

आता मेरीच्या माहेरी चला. स्ट्रॅटफर्डहून तीनेक मैलांवर विल्मकोट हे खेडे आहे. मी आगगाडीने गेलो. रस्त्याला लागूनच काळ्या लाकडी चौकटींचे एक देखणे घर दिसते. पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी तेच ‘मेरीचे घर’ म्हणून पाहत आले. सन २००० मध्ये जुने दस्तऐवज तपासताना कळले, की ते शेजारी ॲडम पामरचे! मेरीचे खरे घर पलीकडचे, दर्शनी भाग विटांनी झाकलेले, ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे ते. मी त्याच्यासमोरच अधिक वेळ उभा राहिलो.

मेरीचा आजा टॉमस याने १५०१ साली जवळच्या स्निटरफील्डला जमीन घेतली. तो पार्क हॉलकरांचा नेमका कोण, हे ठामपणे सांगणारा कागद नाही. १५९९ साली शेक्सपिअरांच्या ढालीला आर्डनांची ढाल जोडण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हा कुलचिन्हांच्या कचेरीत मसुद्यावर आधी पार्क हॉलची ढाल काढली, मग ती खोडून बाजूला दुसऱ्या आर्डनांची रेखाटली. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधल्या कवीच्या स्मारकावर तर एकट्या शेक्सपिअरांचीच ढाल आहे. ती खोडलेली रेघ ओलांडून मेरीला थॉर्किलच्या मांडीवर नेऊन बसवण्याचा मोह अनेकांना झाला. मला विचाराल, तर ती आहे तिथेच बरी.

कारण विल्मकोटच्या या शेतकऱ्याचे घर आपल्याला चांगले ठाऊक आहे. १५५६ साली मेरीचा बाप रॉबर्ट वारला. त्याच्या मालमत्तेची यादी झाली: एकूण ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स, आणि त्यांत भिंतींवर लावायचे अकरा रंगीत पडदे! आठ मुलींत मेरी धाकटी. तरी ॲस्बीज नावाची जमीन बापाने तिला दिली आणि मृत्युपत्राचा कारभार तिच्यावर व तिची बहीण ॲलिस हिच्यावर सोपवला. अशा विश्वासापुढे वंशावळीची काय मातब्बरी?

पुढे नवऱ्याला ओढगस्त आली. १५७८ साली ॲस्बीज ४० पौंडांना गहाण पडली, ती पुन्हा हाती आली नाही. दुसऱ्याच वर्षी स्निटरफील्डमधला वाटाही विकावा लागला. त्या खरेदीखतावर मेरीने सहीऐवजी केलेली निशाणी आहे. थॉर्किलपासून पाच शतकांच्या कागदांत मी फिरलो. पण या घराण्यातल्या बाईच्या हाताची खूण मला भेटली ती इथे, जमीन सोडून देताना.