समच्या वाळूतील सायंकाळ

मरुभूमीच्या सायंसफरीचे नाव निघाले की आपल्याकडे प्रथम दुबई आठवते. दुपारी हॉटेलच्या दारात येणारी मोठी गाडी, वाळूच्या चढउतारांवरून पोटात गोळा आणणारी दौड, सूर्यास्ताची छायाचित्रे, मग मेंदी, नृत्य आणि जेवण असा तो ठरलेला क्रम असतो. याच सफरीचे भारतीय रूप राजस्थानात, जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या सम या गावाजवळ अनुभवता येते. दिवाळीनंतर आणि नाताळच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड येथील अनेक परिवार तिकडे जातात. सोबत आजी-आजोबा असतात, नातवंडे असतात. आणि आपल्या भागातील कित्येक घरांच्या वंशावळीत मारवाडातील एखाद्या गावाचे नावही असते. अशा परिवारांनी त्या सायंकाळकडून काय अपेक्षा ठेवावी आणि ती आपल्या रीतीने कशी आखावी, याचा येथे विचार करू.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख. एकट्या जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राच्या एक अष्टमांश. आपल्या संभाजीनगरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही आपण पाण्यासाठी चिंतातुर असतो. जैसलमेरात तो दोनशेच्या आसपास पडतो. तरीदेखील हा प्रदेश निर्जन नाही. जगातील वाळवंटांत थरची लोकवस्ती सर्वांत दाट मानली जाते. वाळवंट म्हणजे पोकळी ही कल्पना घेऊन गेलेला प्रवासी दोन तासांत कंटाळतो आणि मग त्याला करमणूक लागते. ते भरलेले घर आहे असे मानून गेलेल्याला मात्र वेळ अपुरा पडतो.

सफरीचा नेहमीचा क्रम असा. दुपारी चारच्या सुमारास कॅम्पवर पोहोचावे. टिळा लावून, ढोल वाजवून स्वागत होते. नंतर उघड्या जीपमधून वाळूत फेरी, त्यापाठोपाठ उंटाची सवारी आणि एखाद्या उंच टेकडीवरून सूर्यास्त. अंधार पडल्यावर शेकोटीभोवती लोकगीते व नृत्य, मग जेवण आणि मुक्काम असेल तर तंबूत झोप. या क्रमाचे सूर्यास्त हा दोन भाग पाडतो. पूर्वार्ध मरुभूमीचा असतो, उत्तरार्ध बहुतांशी कॅम्पचा. बहुतेक प्रवासी उशिरा पोहोचतात, पूर्वार्ध घाईत उरकतात आणि उत्तरार्धात थकून बसतात. आपण हा तोल उलटा करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न अधिकच नेमका आहे, कारण कॅम्पवरील भोजन रात्री आठनंतर मांडले जाते. जैसलमेर आपल्या पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य उशिरा मावळत असेल असे वाटते. पण ते उत्तरेसही असल्याने हिवाळ्यात दिवस लहान होतो. परिणामी डिसेंबरमध्ये तेथील सूर्यास्त आपल्याप्रमाणेच सहाच्या थोडा आधी होतो. जानेवारीअखेर तो सव्वासहाच्या पुढे सरकतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी पावणेसातच्या सुमारास, म्हणजे आपल्यापेक्षा सुमारे पाव तास उशिरा होतो. भोजन पाच वाजता तयार हवे, कांदा-लसूण व कंदमूळ वर्ज्य आहे, हे नोंदणी करतानाच स्पष्ट सांगावे आणि निघण्यापूर्वी पुन्हा खात्री करून घ्यावी. आयत्या वेळी सांगितले तर स्वयंपाकघर हतबल असते. सांगितलेच तर ते अवघडही नाही, कारण केर-सांगरी, गट्टे, मंगोडी, पापड, बाजरीची भाकरी हा त्या भूमीचाच आहार आहे. हिरवी भाजी जेथे दुर्मीळ, तेथे वाळवून ठेवलेल्या शेंगा-फळांवर आणि डाळीच्या पिठावर संसार चालला. तिथीला हिरवी भाजी न खाणाऱ्या आपल्याकडील मारवाडी घरांत आजही सांगरीची बरणी असते. कित्येक पिढ्यांपूर्वी सुटलेले वाळवंट त्या बरणीतून संभाजीनगरच्या स्वयंपाकघरात टिकून आहे.

म्हणून जैसलमेरहून सकाळीच निघावे. समच्या रस्त्याच्या दोन बाजूंना, थोडे आत, दोन स्थळे आहेत. उत्तरेस लोद्रवा. ११५६ मध्ये रावल जैसल यांनी जैसलमेर वसविण्यापूर्वी भाटी राजांची राजधानी येथे होती. येथील पार्श्वनाथ मंदिराचा सतराव्या शतकात थाहरू शाह भणसाळी यांनी जीर्णोद्धार केला. पिवळ्या दगडातील जाळीकाम पाहताना, पाण्याची वानवा असलेल्या भूमीत एवढे बारीक काम करण्याची सवड कोठून आली, असा प्रश्न पडतो. उत्तर व्यापारात आहे. उंटांचे तांडे या वाटांनी जात होते आणि नगराची संपत्ती त्या वाटांवर उभी होती.

दक्षिणेस कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेले गाव. मार्गदर्शक येथे जुलमी दिवाणाची आणि भुताखेतांची कथा रंगवून सांगतात. मुलांना ती आवडते. परंतु पालीवालांची खरी कीर्ती ‘खडीन’ या रचनेत आहे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी खालच्या बाजूस लांब मातीचा बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. पंधराव्या शतकापासून चालत आलेली ही पद्धत अजूनही वापरात आहे. आपल्या नगरालाही असा वारसा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी खोदलेली नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीपर्यंत जमिनीखालून आणलेले पाणी आपल्या मुलांनी सहलीत पाहिलेले असते. आज जायकवाडी जवळ असूनही नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, याची आपण वाट पाहतो. वाळवंटातील खडीन मुलांना दाखविताना ही तुलना त्यांच्यासमोर अवश्य ठेवावी. पावसाच्या आकड्याइतकेच महत्त्व पडलेला थेंब अडविणाऱ्या हातांना आहे, हे तेथे उभे राहिले की समजावून सांगावे लागत नाही.

पुढच्या रस्त्यावर क्षितिजभर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्यांच्यासोबत वीजवाहिन्यांचे जाळे आहे. या माळावर राहणारा गोडावण पक्षी म्हणजेच आपला माळढोक. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठीच घोषित झाले. परंतु आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. देशात उरलेल्या सुमारे दीडशे माळढोकांपैकी बहुतेक याच जैसलमेर भागात आहेत. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी एवढे जड शरीर चटकन वळत नाही. समला २०१९ पासून त्याच्या संवर्धनाचे प्रजनन केंद्र चालविले जाते. ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरु राष्ट्रीय उद्यान याच परिसरात आहे. माळढोक दिसेलच असे नाही. पण सायंकाळी ज्या वाळूत आपली जीप गर्जत जाणार, तिच्या शेजारी हा पक्षी जमिनीवर एकच अंडे घालून बसतो, हे ठाऊक असावे.

भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना बारखाण म्हणतात, ते चंद्रकोरीच्या आकाराचे वाळूचे ढिगारे समला दिसतात. थरचा बराचसा भाग मात्र खुरटी झुडपे, गवत आणि खडकाळ माळ यांचा आहे. वाटेत खेजडीची झाडे लागतात. ही आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा होते, तीच. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, पाला जनावरांचा चारा आणि सावलीत बाजरीही बरी येते. वाळूवर वाकून पाहिले तर भुंगेऱ्याच्या पावलांची बारीक शिवण दिसते. सेवण नावाचे गवत मुळांनी वाळू धरून ठेवते. जीपची चाके सर्वांत आधी त्याचा नाश करतात.

जीपच्या फेरीविषयी स्पष्ट लिहावे लागेल. उघड्या जीपमध्ये दांडी धरून उभे राहण्याची तेथे प्रथाच पडली आहे. पाठीचे वा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी, गर्भवतींनी व लहान मुलांनी ती टाळावी. कोणी बसणारच असेल, तर बसूनच जावे, चालकाला ‘सावकाश’ म्हणावे आणि मळलेल्या वाटेवरच गाडी ठेवायला सांगावे. ही फेरी वगळल्यास सायंकाळचा पाऊण तास वाचतो. तेवढ्यात पायी चालत एखादी टेकडी चढता येते.

उंटाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाठीवर ओझे लादलेला प्राणी पाहून आपल्यापैकी अनेकांचे मन सवारीला तयार होत नाही आणि तो संकोच योग्य आहे. परंतु दुसरी बाजूही पाहावी. ट्रॅक्टर आणि मोटारी आल्यापासून शेतीला व वाहतुकीला उंट लागेनासा झाला. राजस्थानने २०१४ मध्ये त्याला राज्यपशू घोषित केले, २०१५ मध्ये त्याच्या कत्तलीवर बंदी घालणारा कायदा केला. तरी २०१२ च्या पशुगणनेतील ३.२६ लाख उंट २०१९ मध्ये २.१३ लाखांवर आले. ज्याच्यापासून उत्पन्न नाही, तो पशू गरीब पालकाला पोसवत नाही. सर्वांनी पाठ फिरविली तर उंट सुखी होईल असे नाही. कदाचित तो उरणारच नाही. यातून प्रत्येक परिवाराने आपला मार्ग काढावा. एक मार्ग असा : दोघांऐवजी एकानेच बसावे, थोडेच अंतर जावे, किंवा न बसता उंटासोबत चालावे आणि पालकाला पूर्ण मोबदला त्याच्या हातात द्यावा. बसण्यापूर्वी उंटाच्या नाकाकडे, पायांकडे, खोगिराखालच्या त्वचेकडे पाहावे. जखम असेल तर नम्रपणे नकार द्यावा. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळी आपण पुढे फेकले जातो, म्हणून मागे रेलून घट्ट धरावे.

भोजन आटोपलेले असले की सूर्यास्ताला घाई उरत नाही. मुख्य टेकडीवर गर्दी आणि गोंगाट असतो. अर्धा किलोमीटर बाजूला गेले तर दोन्ही मागे राहतात. वाळूचा रंग फिकट पिवळ्यावरून केशरी, मग तांबूस आणि शेवटी राखाडी होत जातो. सूर्य बुडताच हवा झपाट्याने गार होते, पण तळव्याखालची वाळू काही काळ उबदार राहते. प्रतिक्रमण वा सामायिक करणाऱ्यांना यापेक्षा निवांत स्थान सहसा लाभणार नाही. इतरांनीही पंधरा मिनिटे मोबाईल खिशात ठेवून गप्प बसावे. मुलांना ते जमते. मोठ्यांना थोडा सराव लागतो.

रात्रीच्या कार्यक्रमात लंगा व मांगणियार कलावंत गातात. हे वंशपरंपरेने गाणारे मुस्लिम समाज. मांगणियारांच्या यजमानांत राजपूत घराणी प्रमुख. त्यांच्या घरचे जन्म-विवाह पिढ्यान्‌पिढ्या यांच्याच गाण्याने साजरे झाले. कमायचा, खडताल, मोरचंग ही त्यांची वाद्ये. कालबेलिया समाजाच्या गीत-नृत्याला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले आहे. मात्र प्रेक्षकांनी फर्माईश केली की हेच कलावंत चित्रपटगीते सुरू करतात आणि शेवटी कर्णा लावून नाच होतो. आपण फर्माईश करावी ती कमायच्याची. गायकाला त्याच्या गावाचे नाव विचारावे, बिदागी सन्मानाने द्यावी आणि कर्णा सुरू होताच उठावे.

मुक्कामाचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. अमावास्येच्या आसपास आकाश ताऱ्यांनी दाटते; पौर्णिमेला वाळू दुधासारखी दिसते. माघ पौर्णिमेला संपणारा मरु महोत्सव याच भागात भरतो. त्या दिवसांत गर्दी फार. डिसेंबर-जानेवारीत दुपारी सुती कपडे पुरतात, रात्री तापमान एक आकडी होते. ज्येष्ठांसाठी कानटोपी, लोकरी मोजे व जाड शाल हवीच. तंबूतील स्वच्छतागृह, गरम पाणी आणि पलंगाची उंची आधी विचारून घ्यावी. दर ठरविताना जीप, उंट, भोजन यांत काय समाविष्ट आहे, ते लिहून घ्यावे. पाणी घरच्या बाटलीतून न्यावे आणि रिकामी वेष्टने परत आणावीत. तेथे टाकलेले प्लॅस्टिक पाऊस वाहून नेत नाही. वारा ते खेजडीच्या काट्यांवर लटकवून ठेवतो.

मुक्काम केलाच, तर पहाटे उठावे. रात्रभराच्या वाऱ्याने आदल्या सायंकाळची चाकांची व पावलांची नक्षी बरीचशी पुसलेली असते आणि तिच्या जागी कोल्ह्याच्या, उंदराच्या, भुंगेऱ्याच्या नव्या खुणा उमटलेल्या असतात. या घरात रात्री कोण कोण वावरले, त्याची ती नोंद. नातवंडांचा हात धरून, एकही खूण न मोडता ती वाचत जावे.