काला अंब येथील एक डाव

दिल्लीहून ग्रँड ट्रंक मार्गाने उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर गेले की पानिपत येते, आणि तेथून जवळच काला अंब. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाचे स्मारक ते हेच. ज्या आम्रवृक्षावरून हे नाव पडले तो केव्हाच वठला. आज तेथे विटांचा एक स्तंभ उभा आहे. मराठी प्रवासी येथे येतो तो मनाशी हिशेब करीतच. पराभवाची वार्ता पेशव्यांना कळली तीही सावकारी भाषेत, मोती, मोहरा आणि खुर्दा अशा शब्दांत, असे परंपरा सांगते.

मी मात्र निराळ्याच मोजणीत गुंतलो. स्मारकाबाहेरच्या पडीक जमिनीवर मुलांचा गुल्ली-डंडा, म्हणजे आपला विटीदांडूच, रंगला होता. येथील रीत अशी: विटी टोलवली की गडी अंतर नुसत्या नजरेने अजमावतो आणि तितके डंडे मागतो. प्रतिपक्षाने मानले तर तेवढे गुण पदरात पडले. संशय आला तर डंड्याने भुई मोजायची; मागणीहून एकही डंडा कमी भरला की गडी बाद. लोभ्याला शासन आणि भित्र्याला तोटा! पंच नको, वही नको.

एका किरकोळ अंगाच्या मुलाने ३० मागितले. मोजले तो भरले २८. आता भांडण जुंपणार, असे मला वाटले. त्याने डंडा मुकाट्याने दुसऱ्याच्या हाती दिला.

गुणांची रीत खेळणाऱ्यांनीच ठरवण्याची ही मोकळीक मोठ्यांनाही हवीशी वाटते. १९६९ साली मेक्सिकोत जन्मलेला पॅडेल हल्ली दिल्लीच्या परिसरातही काचेच्या भिंतींत खेळतात. त्याची गणना टेनिससारखी, पंधरा-तीस-चाळीस अशी. पण हौशी मंडळी कित्येकदा ती बाजूस ठेवून सुटे गुण मोजतात, दर डावास जोडीदार बदलतात, आणि दोन्ही बाजूंचे मिळून ठरलेले २४ किंवा ३२ गुण झाले की थांबतात. ज्याचे गुण त्याच्या नावावर.

“चाचाजी, तुमच्याकडे कसे मोजतात?” बाद झालेल्या मुलाने विचारले. मी म्हटले, “वकट, लेंड, मूंड, नाल...” तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांचे हे उघड सगेसोयरे, मराठी पोरांनी ते खेळात जपले. मोजणी ज्या शब्दावर थांबे, त्यावरून पुढचा टोला पायावरून की मुठीवरून, हे ठरे.

त्याने लगेच डंडा मागून घेतला व भुईवर टेकवीत निघाला: वकट, लेंड, मूंड, नाल. पाचव्या शब्दासाठी तो थांबला नाही. “पाँच, छह,” म्हणत थेट शेताच्या बांधापर्यंत गेला.