पोटभर थाळी : साताऱ्याची आणि सांगलीची

कष्टकरी कुटुंबाने बाहेर जेवायचे म्हटले की आधी खिसा चाचपावा लागतो. घरची पाच माणसे, हातात मोजके पैसे आणि समोर पाटीवर दोन दर : साधी थाळी आणि अमर्याद थाळी. कोणती घ्यावी, या विचारात दारातच खोळंबलेली कुटुंबे एस.टी. स्टँडजवळच्या खानावळींपुढे नेहमी दिसतात. आमच्या वस्तीतील आम्ही तीन कुटुंबे ७ नोव्हेंबरला साताऱ्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने सांगलीला. त्या वेळी चव आणि पैसा या दोन्हींचा ताळा आम्ही मुद्दाम घालून पाहिला. वाचक बंधू-भगिनींच्या तो उपयोगी पडावा.

७ नोव्हेंबर कशासाठी, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेला वंदन करून राजवाड्यावरून निघेपर्यंत दुपारचा एक वाजला होता आणि मुलांच्या पोटात कावळे ओरडत होते.

साताऱ्यात आम्ही शाकाहारी थाळी घेतली. साध्या थाळीला १२० रुपये, अमर्याद थाळीला २००. साध्या थाळीत दोन भाकरी, एक भाजी, एक उसळ, आमटी, भात आणि ठेचा. जादा भाकरी २० रुपयांना. अमर्याद थाळीत यावर एक भाजी, पापड, ताक आणि गोड वाटी. ऐकायला अमर्याद थाळी भारी वाटते. पण हिशेब करा. पाच जणांच्या कुटुंबात आजी एक भाकरी खाणार, लहान मूल अर्धी. पाच अमर्याद थाळ्यांचे १००० रुपये होतात. त्याऐवजी चार साध्या थाळ्या आणि चार जादा भाकऱ्या घेतल्या तर ५६० रुपयांत पाचही जण तृप्त होतात. मात्र लहान मुलाला आईच्या ताटात जेवू देतात का, हे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. अमर्याद थाळीत बहुतेक ठिकाणी ताटे वाटून घेता येत नाहीत.

मग अमर्याद थाळी कोणासाठी? दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालासाठी, गवंड्यासाठी, वाढत्या वयाच्या मुलासाठी. आमच्यातील एक तरुण बांधकामावर जातो. त्याने सात भाकऱ्या खाल्ल्या आणि त्याचे २०० रुपये वसूल झाले. एक खूणगाठ मात्र बांधावी. अमर्याद थाळीत पापड, ताक आणि भात आधी येतो, भाकरी मागून. आधीच पोट भरले की मालकाचा फायदा. म्हणून भाकरी-भाजी आधी मागावी, भात शेवटी.

चवीत साताऱ्याचा मान भाकरीला आणि घेवड्याच्या उसळीला. याच जिल्ह्यातील कोरेगाव भागाच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हा रेघारेघांचा दाणा शिजला की मऊ होतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. त्यासोबत तव्यावरून थेट ताटात आलेली बाजरीची भाकरी असली की पंचपक्वान्ने नकोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीची गाडी धरली. सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे आहे, त्यामुळे रिक्षाचे पैसे वेगळे धरावेत. वाटेत कऱ्हाडच्या अलीकडे मसूर स्टेशन लागते. गाडी तिथे आली तेव्हा आम्ही मुलांना खिडकीशी बोलावले. १९०१ साली लहानगे बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली, तेव्हा ती याच मसूरला उतरली होती. जात कळताच गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होईनात. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. जवळ खाण्याचे पुष्कळ होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून भरल्या डब्याशेजारी मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आमच्या मुलांनी हातातल्या पाण्याच्या बाटल्यांकडे पाहिले आणि थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

सांगलीत मटणाची थाळी घेतली. दर ३०० रुपये. अंड्याची थाळी १५०. हल्ली मोठ्या शहरांत चिनी पद्धतीची हॉटेले निघाली आहेत. टेबलाच्या मधोमध उकळत्या रश्शाचे भांडे ठेवतात आणि ठरावीक पैशांत हवे तेवढे त्यात शिजवून खायचे. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे हीच सोय वेगळ्या रीतीने पूर्वीपासून आहे. मटणाचे तुकडे मोजून, पण तांबडा आणि पांढरा रस्सा मागाल तितका. तांबड्यात मिरची, लसूण, तीळ, खोबरे. पांढऱ्यात मटणाचे पाणी आणि नारळाचे दूध. मटणाचा सारा कस रश्शात उतरतो, म्हणून पैशाचे मोल रश्शातच आहे. आमच्यातील दोघांनी अंड्याची थाळी घेतली. तिच्याबरोबरही तांबडा रस्सा पुन्हा पुन्हा वाढला. निम्म्या पैशांत तीच चव, हा आमच्या मते दोन्ही शहरांतला सर्वांत चांगला सौदा.

आमच्याबरोबर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली असे. चहा पिऊन ती आपणच विसळायची. दुकाने आणि हॉटेले सर्वांना खुली, हे राज्यघटनेच्या १५ व्या कलमात आले. हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला. तरी आजींची सवय जात नाही. आत शिरताना त्या अजूनही विचारतात, "बसू का गं इथं?" सांगलीत वाढप्याने विचारले, "आजी, अजून रस्सा वाढू?" आजींनी तीनदा वाटी पुढे केली. चौथ्यांदा तर त्यांनी स्वतःच हाक मारली.

एकंदर आमचा निवाडा असा : भाजी-भाकरीला सातारा, रश्शाला सांगली. कुटुंबाने साधी थाळी घ्यावी, अंगमेहनतीच्या माणसाने अमर्याद. घरी नेण्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे पावशेर पुरेत. सांगलीचे भडंग मात्र जास्त घ्यावे, स्वस्त पडते आणि टिकतेही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत जरूर न्यावे. त्यांना भिंतीकडेच्या कोपऱ्यात नव्हे, मधल्या टेबलावर बसवावे आणि काय हवे ते त्यांनाच मागू द्यावे.