स्विफ्टची पुंगळी

सगळ्यात आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे वर्गात मराठी बोललं की शब्दाला एक रुपया दंड असायचा. त्या हिशेबाने या लेखाचा दंड दीड हजाराच्या घरात जाईल, आणि माझं मेसचं बिल आधीच थकलंय! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आता दुसरी कबुली. मागच्या दिवाळीत मला आमच्या गाडीला आवाज करणारा सायलेन्सर बसवायचा होता. हो, मलाच. रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या मागून पुंगळी काढलेली बुलेट गेली की जी मुलगी खिडकी उघडून ओरडते, तीच ही.

आमचं गाव तामलवाडी. सोलापूरहून तुळजापूरला जाताना टोलनाका लागतो ना, ते. लोकांना गाव आठवत नाही, टोलनाका बरोबर आठवतो. जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद), तालुका तुळजापूर. पण बाजार, दवाखाना, शाळा सगळं सोलापूरला. वर्षातून एकदा कोजागिरीच्या वेळी हा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि लाखो माणसं चालत तुळजापूरला जातात. तेव्हा घरात झोपून नुसते पाय वाजलेले ऐकू येतात, मधेच 'उदो उदो'. बाकी वर्षभर ट्रक, त्यांचे प्रेशर हॉर्न आणि नाक्यावरून पहिल्या गिअरमध्ये सुटणारी इंजिनं. मी याच अंगाईवर वाढले, त्यामुळे मेकॅनिकलला गेले तर नवल काय? (साठ जणांत आम्ही चार मुली. पण तो वेगळा लेख होईल.)

गाडी २०१४ ची स्विफ्ट, पेट्रोल. अण्णांनी २०२१ मध्ये सोलापुरातून सेकंडहँड घेतली. दिवाळीला घरी गेले तेव्हा ती फाटक्या आवाजात खोकत होती. खाली वाकून पाहिलं तर मागचा डबा, म्हणजे मफलर, गंजून सडला होता. आता हा डबा आतून का सडतो, हे मला सेकंड इयरला कळलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं! लांब पल्ल्यावर ते वाफ होऊन निघून जातं. पण अण्णा गाडी घर ते द्राक्षबाग आणि बाग ते टोलनाका एवढीच फिरवतात. डबा कधी पुरता तापतच नाही. पाणी आत साचतं, त्यात धुरातलं आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

डबा बदलायचाच आहे, तर मग भारीतला का नको? माझ्याकडे इंटर्नशिपचे सोळा हजार होते. सोलापूरच्या आत्याच्या मुलाकडे आमच्यासारखीच स्विफ्ट आहे, तिला त्याने स्टेनलेस स्टीलचा फ्री-फ्लो बसवलाय. तो मला एका दुकानात घेऊन गेला. तिथे तीन पर्याय मिळाले. एक, कंपनीचा जसाच्या तसा मफलर, चार हजारांच्या आत. दोन, तिथेच पत्रा वळवून वेल्डिंग करून दिलेला डबा, निम्म्या पैशात. तीन, चकचकीत फ्री-फ्लो, दोन इंची पाइप आणि मागे चार इंची तोंड, चौदा हजार. दुकानदार म्हणाला, "ताई, पंधरा टक्के पॉवर वाढते. अन् वर्षभर आवाज असाच."

पंधरा टक्के! ही गाडी सुमारे ८४ हॉर्सपॉवरची. म्हणजे नुसता मागचा डबा बदलून बारा-तेरा घोडे फुकट? एवढं सोपं असतं तर कंपनीने स्वतःच नसते का बांधले? रात्री वही घेऊन बसले.

एक्झॉस्ट म्हणजे नुसता धूर बाहेर सोडायचा पाइप नाही. इंजिनातून निघाल्यावर आधी मॅनिफोल्ड, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग पाइप, आणि शेवटी मफलर. कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे निवतात. जवळच ऑक्सिजन सेन्सर असतो, तो इंजिनच्या कॉम्प्युटरला पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो. काही जण 'मोकळं' करायचं म्हणून हा कन्व्हर्टरच काढून टाकतात. मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीची बोंब. गंमत म्हणजे एप्रिल २०१० मध्ये देशातल्या ज्या १३ शहरांत बीएस-४ आलं, त्यात मुंबई-पुण्याबरोबर आमचं सोलापूरही होतं. वीस-पंचवीस किलोमीटरवरची तामलवाडी मात्र जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, म्हणून बीएस-३. धुराला जिल्ह्याची हद्द कळते की नाही, कोण जाणे!

दुसरी गोष्ट पाइपच्या जाडीची. सगळ्यांना वाटतं, पाइप जितका मोठा तितकं इंजिन मोकळं. पण धूर सलग येत नाही, ठोक्या-ठोक्याने येतो. एक ठोका वेगाने पुढे गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि तो पुढच्या ठोक्याला ओढून घेतो. पाइप गरजेपेक्षा मोठा केला की वेग पडतो, ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमला गाडी मंदावते. या इंजिनचा सगळ्यात जास्त टॉर्क ११५ न्यूटन मीटर, तोही ४००० आरपीएमला. आमची गाडी त्याच्या खालीच चालते. रेसिंगमध्ये सहा-सात हजारावर इंजिन पिळतात, तिथे मोठ्या पाइपला अर्थ आहे. आमच्या बागेच्या रस्त्यावर काय पिळणार? म्हैस आडवी आली की दुसरा गिअर!

म्हणजे पॉवर नाही, हे त्या रात्रीच कळलं. कायदाही पाहिला. नऊ सीटपर्यंतच्या नव्या कारला चाचणीत ७४ डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द होऊ शकतं. हे सगळं वाचूनही (खोटं कशाला बोलू) मला तो फ्री-फ्लोच हवा होता. तो घुमणारा आवाज छातीत बसतो ना, त्याच्यापुढे वहीतलं गणित फिकं पडतं.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या मुलाने त्याची गाडी ट्रायलला दिली. अण्णा सोलापुरात औषधं घ्यायला आले होते, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि मी तामलवाडीकडे निघाले. पूल ओलांडून जरा दाबली. अण्णा एकदम हसले. "आता कसं! आवाज यायलाय बघ गाडीला!"

मला तर जग जिंकल्यासारखं झालं. अण्णांनाही आवडला!

मग मी बोलायला लागले. इंटर्नशिप, सबमिशन, एक केटी राहिलीय ती, सगळं. अण्णा "हं" म्हणत होते. मी विचारलं, "अण्णा, बागेची छाटणी झाली का?" ते म्हणाले, "हां, नाक्यावर थांबू की. चहा घिऊ."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा "हं".

अण्णांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्याचे विनोदही करतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तपासणी केली होती, तो आलेख कपाटात आहे. घरी जाऊन मी तो पहिल्यांदा इंजिनिअरच्या नजरेने पाहिला. डावीकडे, कमी फ्रीक्वेन्सीला, रेघ बऱ्यापैकी वर. मग ती घसरत जाते आणि ४००० हर्ट्झला थेट विहिरीत. आवाजाने खराब झालेल्या कानाची ही ओळखीची खूण. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. आणि स, श, त, फ ही अक्षरं वरच्या फ्रीक्वेन्सीची. अण्णांना 'साखर' म्हटलं की 'आखर' पोचतं, बाकीचं ते अंदाजाने भरतात.

मग स्विफ्टचं गणित केलं. चार सिलेंडर, फोर स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्यात दोन ठोके. पाचव्या गिअरमध्ये साधारण २५०० आरपीएम. पंचवीसशे गुणिले दोन भागिले साठ, म्हणजे ८३ हर्ट्झ. बरोबर तिथे, जिथे अण्णांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून त्यांना तो आवाज आवडला. आणि असा खालचा मोठा घुमारा त्याच्या वरच्या आवाजांना झाकून टाकतो. माझं बोलणं त्याच्याखाली गेलं होतं.

एक सांगते. घरात अण्णा टीव्हीसमोर, आई स्वयंपाकघरात, मी मोबाइलवर. आम्ही बोलतो फक्त गाडीत. काचा बंद, एसी एकवर, त्यांचं डोकं माझ्यापासून हातभर. बारावीनंतर कुठली ब्रँच घ्यायची हे आम्ही गाडीतच ठरवलं. आजी गेल्याचंही त्यांनी मला गाडीतच सांगितलं, सोलापूर स्टेशनवरून घरी जाताना. आणि मी चौदा हजार देऊन तिथे घुमारा बसवायला निघाले होते.

संध्याकाळी आईला म्हटलं, यांचे कान एवढे कशाने गेले असतील? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ट्रॅक्टरनं, अजून कशानं. तू पहिलीला गेलीस त्या वर्षी त्याचा सायलेन्सर फुटला होता. दोन हंगाम तसाच चालवला. तुझी फी भरायची होती." आणि तवा उतरवून म्हणाली, "मीठ दे इकडं."

दोन हंगामांनी कान जात नाहीत, हे मला कळतं. ती वीस वर्षांची बेरीज आहे: ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, मळणी यंत्र. अमेरिकेच्या निओश संस्थेचा दंडक असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील; पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. मी मोबाइलवर ट्रॅक्टरच्या सीटवरचा आवाज मोजला, ब्लोअर चालू असताना. ९७ दाखवला. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण धरून चला. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा. छाटणीनंतर अण्णा पहाटे चारला बागेत जातात ते आठला परत येतात. मी ती वही बंद केली.

स्विफ्टला कंपनीचा मफलर बसवला. नवा गॅस्केट, नवे रबरी हँगर, पाऊण तासात काम झालं. अण्णा वाकून नळीमागे तळहात धरून उभे राहिले. मला वाटलं, गरम लागतंय का बघतायत. म्हणाले, "चारी सिलेंडर सारखे मारायलेत." टॅपेटची टिकटिक त्यांना कधीच ऐकू येत नाही, म्हणून ते इंजिन हाताने ऐकतात. मीही हात धरला. फक्-फक्-फक्-फक्, अगदी समान. प्रॅक्टिकलला हे कुणी शिकवलं नव्हतं.

उरलेल्या पैशातून ट्रॅक्टरचा सायलेन्सर बदलला, तोही पुन्हा पोकळ वाजत होता. आणि अण्णांसाठी कारखान्यात वापरतात तसा कानावर घालायचा इअरमफ आणला. तो बघून म्हणाले, "विमान चालवायलोय का मी?" दोन दिवस तो खुंटीवर. तिसऱ्या दिवशी पहाटे थंडी होती, तर कान गरम राहतात म्हणून घालून गेले. चला, कारण कुठलंही असो!

तर मित्रांनो, विशेषतः बॉइज हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बुलेटवाल्यांनो, सायलेन्सर निवडताना तीन प्रश्न विचारा. माझं इंजिन किती आरपीएमला चालतं? कन्व्हर्टर आणि सेन्सर जागेवर राहणार का? आणि माझ्या शेजारच्या सीटवर कोण बसतं? पहिल्या दोघांची उत्तरं पुस्तकात आहेत. तिसऱ्यासाठी घरी एक चक्कर मारा. (आणि रात्री दोनला तरी पुंगळी जागेवर ठेवा, आमच्या हॉस्टेलच्या मॅडमची झोप उडाली की हजेरी आमची होते.)

परवा आईचा फोन आला होता. तक्रार तुमच्या लेकीचीच होती. म्हणाली, "आधी ह्यांना कानामुळं ऐकू येत नव्हतं. आता ते डबडं घालून बसतात. बांधावरनं जेवायला हाक मारून मारून माझा घसा बसला!"

मी म्हटलं, "आई, ट्रॅक्टर बंद झाला की हाक मार. नवा सायलेन्सर आहे, बंद झालेला कळतो आता."