दिवा विझेना!

आपण कुणावर तरी रागवावे आणि मागाहून कळावे की चूक आपलीच होती, असे तुमचे कधी झाले आहे का? माझे झाले. तेही भरल्या वर्गात!

आमच्या वर्गात 'एक मिनिट वाचन' असते. टेबलावरचा लाल दिवा लागला की वाचायला सुरुवात करायची, विझला की थांबायचे. हा दिवा मी हौसेने 'आर्डुइनो ऊनो' नावाच्या पाटीला जोडला होता. पोस्टकार्डाहूनही लहान असते ही पाटी! नवशिक्यांना सोपी पडावी अशा या पाट्यांची सुरुवात २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावात झाली. आपण तिला आज्ञा लिहून द्यायच्या. दिवा लाव, इतका वेळ थांब, दिवा विझव. थांबण्याच्या आज्ञेला 'डिले' म्हणतात. तिला वेळ मिलिसेकंदांत सांगावा लागतो. एका सेकंदाचे १००० मिलिसेकंद.

घरी मी कंसात '१० गुणिले १०००' लिहून पाहिले. बरोबर १० सेकंदांनी दिवा विझला. मग १० च्या जागी ६० लिहिले, आणि रात्र फार झाली म्हणून पुन्हा न तपासताच झोपले.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी आली ती अडखळत वाचणाऱ्या एका मुलाची. दिवा लागला. बिचारा वाचू लागला. मिनिट झाले, दोन झाली, दिवा काही विझेना! तो घामाघूम झाला. मुले खुसखुसू लागली. वाचनाआधी तो टेबलाजवळ घुटमळताना मी पाहिला होता. मी कडाडले, "वायरीला हात लावलास ना?"

"नाही बाई, मी नुसता बघत होतो," तो म्हणाला. त्याचे तोंड एवढेसे झाले.

मधल्या सुट्टीत मी शाळेचा लॅपटॉप जोडला. वायरी सगळ्या जागच्या जागी. पुन्हा १० घातले तर दिवा वेळेवर विझला! म्हणजे वायरींचा दोष नव्हताच. तेवढ्यात दाराशी तोच मुलगा उभा दिसला. जरा वेळाने हळूच म्हणाला, "बाई, १० ला विझतो न् ६० ला नाही, तर मधलं कायतरी घालून बघा ना."

मी ३० घातले. दोघांनी मोठ्याने आकडे मोजले. विझला! ४५ ला नाही. ३५ ला नाही. तो वहीत लिहून घेत होता. ३२ ला विझला, ३३ ला नाही! एका सेकंदाने असा काय फरक पडावा?

संध्याकाळी पुस्तक काढून वाचले तेव्हा उलगडा झाला. ऊनोमध्ये साध्या पूर्णांकासाठी जी जागा असते, तिच्यात जास्तीत जास्त ३२७६७ हा आकडा मावतो. ३२००० मावले, ३३००० मावेनात. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० येतात ना? तसाच इथे आकडा उलटतो आणि थेट ऋण होतो. ६०००० चे झाले होते उणे ५५३६! पण डिलेला ऋण संख्या समजत नाही. तिने तो आकडा भलताच मोठा म्हणून वाचला. आमचा दिवा जवळजवळ ५० दिवस विझला नसता!

उपाय अगदी सोपा निघाला. गुणाकार न करता सरळ ६०००० लिहिले. आकडाच मोठा लिहिला की त्याला मोठी जागा आपोआप मिळते. दोन लहान आकड्यांचा गुणाकार मात्र लहान जागेतच होतो. या वेळी घड्याळ लावून तीनदा तपासले, मगच झोपले.

सकाळी वर्गात मी सांगितले, "काल चूक माझी होती. न तपासता दिवा आणला आणि उगाच याच्यावर ओरडले. चूक शोधायची युक्तीही यानेच सुचवली." मग त्याची वही सगळ्यांना दाखवली. तो खाली मान घालून हसत होता.

"वाचतोस का आज?" मी विचारले.

तो उठला. अडखळत का होईना, पण खणखणीत वाचू लागला. मिनिटाने दिवा विझला तेव्हा तो ओळीच्या मध्यावर होता.

"बाई, एवढी ओळ पुरी करू?"

"कर की," मी म्हटले.