मंजुरी कुणाच्या मोबाईलवर?

मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम करते. पूर्वी पेशंट दुसरीकडे निघाला की त्याचा सगळा इतिहास पिशवीत जायचा: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शाई उडालेले रिपोर्ट. मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असा मेडिकल कौन्सिलचा २००२चा नियम. तो पाळताना आमची तारांबळ उडायची. २०२१मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि पुढे आमचं सॉफ्टवेअरही त्याला जोडलं गेलं. आता पेशंटच्या 'आभा'ला, म्हणजे त्याच्या १४ आकडी आरोग्य-ओळख क्रमांकाला, आम्ही कागद जोडतो. पुढच्या डॉक्टरांची मागणी त्याच्या मोबाईलवर येते, त्याने होकार दिला की कागद तिकडे दिसतात. ते कुठल्या सरकारी कोठारात साठत नाहीत, असतात आमच्याकडेच.

ही सोय मला मनापासून हवी आहे. म्हणूनच तो होकार नेमका कुणाचा, याची काळजी वाटते.

एका मावशींचं गुडघ्याचं ऑपरेशन शहरात ठरलं होतं. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) कागद जोडायला काउंटरवर आल्या आणि घुटमळल्या. "ताई, नंबर लेकाचा दिलाय. त्याला समदं दिसंल का?" आमच्याकडे त्यांच्या मनोविकाराच्या उपचारांची फाईल होती. घरात फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो आता नव्हता. मुलाच्या फोनवरच्या ॲपमध्ये ते कागद उघडले असते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ही गुप्तता हक्क म्हणून देतो. पण सगळंच झाकून ठेवणंही धोक्याचं होतं. मावशी लिथियम घेत होत्या. त्यावर नेहमीच्या काही वेदनाशामक गोळ्या पडल्या तर रक्तातलं लिथियम वाढतं, त्याची विषबाधा होऊ शकते. भूलतज्ज्ञांना औषधं कळायलाच हवी होती. आमच्या डॉक्टरांनी त्यांना आत बसवून हे शांतपणे समजावलं.

मग आभाला त्यांचा स्वतःचा मोबाईल जोडला. कोणत्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखांचे आणि किती दिवस दाखवायचे, हे होकार देताना ठरवता येतं. दिलेला होकार मागेही घेता येतो. मावशींनी औषधांच्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट दाखवायचं ठरवलं. डिस्चार्ज कार्डं नाही. बटण त्यांनीच दाबलं, चष्मा पुसून, प्रत्येक ओळ मला वाचायला लावून.

एरवी मात्र गर्दीच्या वेळी काउंटरवर "ओटीपी सांगा" एवढंच विचारलं जायचं. पेशंट मोठ्याने आकडे सांगायचा, कुणीतरी ते भरायचं आणि कागदोपत्री संमती मिळायची. कायद्याला अभिप्रेत असलेली संमती ही नव्हे, असं मी आमच्या बैठकीत स्पष्ट मांडलं. आता आम्ही आधी नंबर कुणाचा ते विचारतो. रांग लांबते, लोक कुरकुरतात. पेशंटशी एकांतात बोलता येईल अशी एक छोटी खोली मी मागितली आहे. ती अजून मिळालेली नाही.